एकवीसशेचा भोपळा

प्रिय शमू,

सलाम. आठ महिने पत्र नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी आहे. साखर थोडी रक्तात, थोडी चहात.

परवा चर्चमध्ये सुगीच्या सणाला मी २१०० रुपयांना एक भोपळा घेतला. धाकट्या भावाशी बांधावरून झालेलं प्रकरण तुला ठाऊक आहे, म्हणून हे तुलाच लिहितोय.

उपासना झाल्यावर वेदीपुढची भाजी-फळं अंगणात आणून लिलाव सुरू झाला. धाकट्याचा नातू भोपळा मांडीवर घेऊन बसला होता, सोडेना. धाकट्याने शंभर म्हटलं. मी दोनशे. त्याने पाचशे केले तेव्हा सहा वर्षांत पहिल्यांदा आमची नजरानजर झाली. दोन हजारांवर तो थांबला. मी वर शंभर टाकले. टाळ्या पडल्या, आणि पाळकसाहेब म्हणाले, "याला म्हणतात आत्म्याचं फळ!" पोराच्या मांडीवरून भोपळा मीच उचलला रे.

वेदीशी अर्पण आणलंस आणि भावाचं काही आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर, असं मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. मी शब्बाथ शाळेत बावीस वर्षं शिकवतोय. आणि अर्पण केलं ते भावाला हरवायला!

रात्री बायबलातल्या गलतीकरांस पत्रातली आत्म्याची ती नऊ फळं मोजत पडलो. बोर्डिंगात तू एका दमात म्हणायचास, मी 'सौम्यते'ला अडखळायचो. अजून तिथंच अडखळतो. पौलाने 'फळ' एकवचनात लिहिलंय, एक मणी सडका तर घड सडका, असं तूच भांडायचास. तेव्हा तुला वकील म्हणून चिडवलं, ते परत घेतो.

पाळकसाहेब योहान १५ मधल्या द्राक्षवेलीवर फार छान बोलतात. कात्री मात्र कधी हातात धरलेली नाही. खरड छाटणीनंतर एप्रिलात बाग कशी बोडकी दिसते, आठव. घड तयार होतो तो त्याच उन्हात, नव्या काडीच्या डोळ्यात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तो नुसता बाहेर येतो. आत घड धरलाच नसेल तर घडाऐवजी नुसती बाळी निघते, मग डोळ्यांना कितीही पेस्ट लावा. माझं सगळं ऑक्टोबरचं: मंडळीतलं पंचपद, दानाची थैली, टाळ्या.

कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना १९०० उजाडलं, यावरून आपण जेवणाची घंटा चुकवली होती. तू म्हणायचास, उशीर केला. मी म्हणायचो, पिकायला वेळ लागतो. मीच बरोबर होतो. पण त्या पाच वर्षांत बाई भांडल्या तरी, रडल्या तरी. मी सहा वर्षं नुसता पहिल्या बाकावर बसलोय.

काल संध्याकाळी भोपळा घेऊन बांधापर्यंत गेलो. धाकट्याचं कुत्रं भुंकलं, मी परतलो. कुत्रं तसं ओळखीचं आहे.

तुझ्या गुडघ्याचं काय झालं? सुनेची बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. वहिनींना सलाम सांग.

हिने भोपळा चिरायला साफ नकार दिलाय. तो खाटेखाली आहे. तू नाताळाला ये, आपण दोघं मिळून नेऊन देऊ. तुझ्यापुढे धाकटा दार लावणार नाही. देठ शाबूत आहे, भोपळा तोवर टिकेल.

तुझा,
दादू