बाळाच्या डोळ्यांबद्दल

लीड्स, रविवार

ती. बाबा आणि आईस,
सा. न.

फोनवर धड बोलता आलं नाही. बाबा, तुम्ही नेटवर ‘कॅन्सरचं औषध’ वाचून जागत बसलात असं दादा म्हणाला, म्हणून सविस्तर लिहितेय.

पंचविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावर रक्तवाहिन्या कडेपर्यंत पोचलेल्याच नसतात. मग त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढून सुटा करू शकतात. यालाच आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात. ऑक्सिजनने झालं का? त्याचा हात आहेच, पण त्याशिवाय बाळ जगलंच नसतं. म्हणून तर ऑक्सिजन चालू असताना इथला मॉनिटर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा घसरला की वाजतो, तसा ९५च्या वर गेला तरी वाजतो.

उपचार दोन, लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन. लेझर ही जुनी, भरवशाची पद्धत. रक्त न पोचलेली कड जाळून टाकतात, बहुतेकदा एकदाच. पण जळलेला भाग कायमचा गेला, पुढे मोठा मायनस नंबर लागायची भीती जास्त. शिवाय भूल, म्हणजे पुन्हा व्हेंटिलेटर. आत्ता कुठे नळी निघालीय त्याची! त्यात याचा आजार झोन एकमध्ये, पार मधोमध. लेझर केलं तर बराच पडदा जाळावा लागेल. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा बाळांना इंजेक्शनचाच गुण जास्त आला होता.

तेव्हा इंजेक्शन, उद्याच. तुम्ही वाचलंत ते कॅन्सरचं औषध म्हणजे बेव्हासिझुमॅब. आपल्या बाळाला रॅनिबिझुमॅब देणार. ते रक्तातून लवकर निघून जातं, आणि युरोपात २०१९ पासून याच आजारासाठी मंजूर आहे. तरी थोडं अंगात भिनतंच. पुढे मेंदूवर, फुप्फुसांवर काय परिणाम होईल याचं पक्कं उत्तर आज कुणाकडे नाही, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं. मला धास्ती वेगळीच आहे: इंजेक्शननंतर आजार काही महिन्यांनीसुद्धा उलटतो. मग लेझर टळत नाही.

म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत, आणि त्या बघवत नाहीत. दुपट्यात घट्ट गुंडाळतात, जिभेवर साखरपाण्याचा थेंब, पापण्या तारेच्या चिमट्याने ताणून धरतात. हे बाहेर जातात, मी थांबते. दिवाळीला येणं आता विसरा. आई, तूच ये, पण तो घरी आल्यावर. आजीला सांग, काजळाची डबी पाठवू नकोस.

आणि बाबा, सोलापूरच्या मामेवहिनीची जुळी तेहतिसाव्या आठवड्यातली ना? इथे एवढ्या मोठ्या बाळांचे डोळे सहसा तपासत नाहीत, पण आपल्याकडे ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोच्या आतली बाळं तपासायचीच असतात, कारण तिथे मोठ्या बाळांनाही हे होतं. घरी सोडलं असलं तरी जन्मापासून ३० दिवसांच्या आत पडदा बघून घ्यायला सांगा. डोळे वरून छान दिसतात म्हणून थांबू देऊ नका. आजच फोन करा.

तुमची,
माई