‘टाकी जेवढी, मासा तेवढा’ हे कुणी सांगितलं?

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी संध्याकाळी गंगेवर गेलो होतो (बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो), तर एक जण स्कूटीवर बादली घेऊन आला. बादलीत वीतवीतभर दोन मासे, काळपट अंगावर केशरी पट्टे, लांबूनच ओळखले, ऑस्कर, घरी काचेच्या टाकीत पाळतात ते परदेशी मासे. त्याने चप्पल काढली, बादली पायरीवर टेकवली, हात जोडले आणि मासे दिले सोडून. मी म्हटलं दादा हे काय करताय, तर म्हणाला काका टाकी लहान पडायला लागली, मारण्यापेक्षा सोडलेले बरे, तेवढंच पुण्य. शेजारी लोक माशांना लाह्या टाकत होते, त्यांनाही कौतुकच वाटलं. मी भांडलो नाही, कारण सहा वर्षांपूर्वी अशीच बादली मीही भरून ठेवली होती, आणि बायको आडवी आली म्हणूनच ती बादली गंगेपर्यंत गेली नाही.

झालं असं की मुलगा सातवीत असताना त्याला टायगर ऑस्करची जोडी घेऊन दिली. दोन बोटं लांबीची पिल्लं, दुकानात इतकी गोंडस दिसत होती की विचारू नका. शेपटीच्या बुडाशी डोळ्यासारखा गोल ठिपका असतो त्यांच्या, मुलाला त्याचंच वेड. मी दुकानदाराला मुद्दाम विचारलं, किती मोठे होतात, घरी दोन फुटी टाकी आहे. तर म्हणाला साहेब टेन्शन नका घेऊ, टाकी जेवढी मासा तेवढाच वाढतो. मला ते पटलं पण, कुंडीतलं झाड नाही का लहान राहत तसं काहीतरी असेल म्हटलं.

पहिल्या महिन्यात टाकीतले गप्पी एकेक करून गायब. आम्हाला वाटलं मरून फिल्टरमध्ये अडकले असतील, फिल्टर उघडून बघितला तर काही नाही. मग एका रात्री मुलाने डोळ्यांनी बघितलं, आ केला आणि गप्पी आत, चावणं वगैरे भानगड नाही. ऑस्कर मूळचा ॲमेझॉन खोऱ्यातला, तोंडात मावेल ते अन्न एवढा साधा हिशोब त्याचा. जोडीतला एक वर्षभरात फूटभर झाला, टाकीत नीट वळता येईना. दुसरा तोपर्यंत मेलाच होता. तो आमच्या पाण्याने मेला हे मला नंतर कळलं.

कारण टाकी जेवढी मासा तेवढा ही थाप आहे. मासा लहान टाकीत खुंटतो कधीकधी, पण कशाने, तर स्वतःच्याच घाणीने. माशाच्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, चांगले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ही जिवाणूंची फौज नवीन टाकीत तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात. शिकारी मासा खातो दाबून आणि घाण करतो दाबून, मग ५५-५७ लिटरच्या दोन फुटी टाकीत काय होणार? त्यात आम्ही दर रविवारी हौसेने अख्खी टाकी धुऊन काढायचो, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरायचो, म्हणजे जे थोडे जिवाणू जमलेत तेही नळाच्या क्लोरीनने खलास. आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो, अँटी क्लोरीन टाकून, आणि स्पंज टाकीच्याच काढलेल्या पाण्यात पिळतो. काढलेलं पाणी कढीपत्त्याला जातं आणि आमचा कढीपत्ता बघायला शेजारी येतात.

चार फुटी टाकी घेतली, चार बाय दीड बाय दीड, म्हणजे साधारण २५५ लिटर. पाण्याचंच वजन अडीचशे किलो, काच, स्टँड, दगड धरून तीनशेच्या वर. आम्ही सिडकोत तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझ्या टाकीवर अर्धा तास चर्चा झाली, लिफ्टच्या मेंटेनन्सवर दहा मिनिटं, असो. उन्हाळ्यात लाईट गेली की मासा वर येऊन हवा गिळायला लागतो म्हणून बॅटरीवरचा पंप आणला, थंडीत नाशिकचा पारा उतरला की हीटर. पिल्लू घेतलं त्याच्या शंभर पट खर्च झालाय आणि मी पक्का हिशोब ठेवलेला नाही, ठेवणारही नाही, बायको वाचते हा पेपर.

खाण्याबद्दल एक सांगायलाच हवं, कारण पोरं ते मोबाईलवर बघून करतात. जिवंत गोल्डफिश आणून शिकारी माशापुढे सोडायचे आणि व्हिडिओ काढायचा. आमच्याकडेही एकदा झालं आणि आठवडाभरात ऑस्करच्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणजे स्वस्तातल्या गोल्डफिशबरोबर रोग घरात आला. शिवाय गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज असतं, ते बी-१ जीवनसत्त्व मोडतं, म्हणजे रोज तेच खाऊ घातलं तर शिकारी उपाशी नसूनही कुपोषित. गोळ्यांचं खाद्य, मधूनमधून सोललेली कोलंबी, पावसाळ्यात गांडूळ, यावर आमचा मस्त आहे. गोल्डफिशलाही जीव असतो हे मी वेगळं सांगत नाही.

आता गंगेचं. लोक म्हणतात परदेशी मासा इथे टिकणारच नाही, मरेल दोन दिवसांत. मग पुण्य कसलं, आणि समजा टिकला तर? अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांत ऑस्कर कधीचे स्थायिक झालेत, तिथेही ते मूळचे नव्हेतच. ऑस्कर तरी बरा. ॲलिगेटर गार नावाचा पेन्सिलीएवढा मासा विकतात, मगरीसारखं तोंड म्हणून पोरांना भारी वाटतो, तो मिसिसिपीकडचा, आठ फुटांपर्यंत जातो. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दाल सरोवरात आणि भोपाळच्या मोठ्या तलावात हाच सापडला, चालत नाही गेला तिथे. तो पाण्यावर तोंड काढून हवेतूनही श्वास घेतो, म्हणजे ऑक्सिजन संपलेल्या आमच्या नासर्डी नदीतसुद्धा तो जगेल जिथे आपले मासे जगत नाहीत. रेड टेल कॅटफिश तीन इंचाचं पिल्लू म्हणून घेता, ते चार फूट होतं. आणि पिरान्हा म्हणून जो लाल पोटाचा मासा गळ्यात मारतात तो बऱ्याचदा पाकू असतो, म्हणजे मासळी बाजारातला आपला रूपचंद, दात बघा त्याचे, माणसाच्या दाढांसारखे, फळं आणि बिया फोडायला. फसवणूक वेगळी आणि तो अडीच फूट होतो ते वेगळं.

माझं शिकारी माशांशी वाकडं नाही. मरळही शिकारीच आहे, पण ती इथली. लालसर पिल्लांचा पुंजका घेऊन फिरते, त्यांची राखण करते, तिला कुणी खायचं आणि तिने कुणाला खायचं हे इथल्या पाण्यात ठरलेलं आहे. बाहेरून आलेल्यांचं काय होतं हे कोळ्यांना विचारा, उजनी धरणात चिलापी या परदेशी माशाने काय केलंय ते. थाई मांगूर या बाहेरच्या माशावर तर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली, तरी चोरून पाळलेले अजून पकडले जातात. आणि गंगेत सोडलेलं गंगेवरच राहत नाही, गंगापूर धरणातून पाणी सुटलं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या (आमचं पुराचं माप) कमरेला लागलं की सगळं खाली वाहत जातं, थेट नांदूर मध्यमेश्वरला, जे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. पक्षी बघायला आपण कौतुकाने जातो तिकडे, ते पक्षी ज्या माशांवर जगतात त्यांच्यात आपण बादल्या रिकाम्या करतो.

मग नको झालेल्या माशाचं करायचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि त्यात चूक एकट्या त्या स्कूटीवाल्याची नाही. ज्याने विकला त्याने परत घ्यावा, फुकट घ्यावा, मला पैसे नको होते. मी ज्या दुकानातून घेतला तिथे घेऊन गेलो तर म्हणाला मोठा मासा कोण घेतं साहेब, गंगेत सोडा. दुकानदारानेच सांगितलं! आपल्या गावात गणपतीत ‘देव द्या, देवपण घ्या’ म्हणत मूर्ती गोळा होतात, लोक देतात, कुणाच्या भावना दुखत नाहीत, तसं महिन्यातून एक दिवस मासे गोळा करायला मत्स्य विभागाला आणि महापालिकेला काय हरकत आहे? कुंभाच्या कामांत घाटावर इतके बोर्ड लागतील, त्यात एक याचाही लावा. आणि दुकानात प्रत्येक टाकीवर किमतीच्या खाली पूर्ण वाढीची लांबी लिहायची सक्ती करा. ऑस्कर, एक फूट, दहा वर्षांच्या वर जगतो. एवढं लिहिलेलं असतं तर मी त्या दिवशी गप्पीच घेऊन आलो असतो.

मुलगा आता पुण्याला शिकायला आहे, पाणी बदलणं माझ्याकडे आलंय. फोनवर आधी मासा दाखवा म्हणतो. मासाही मी दिवाणखान्यात आलो की काचेला येऊन चिकटतो, बायको आली की जास्तच, कोलंबी ती देते.

पत्र छापलंत तर कात्रण त्या दुकानाच्या काचेवर नेऊन चिकटवणार आहे. तो काढून टाकेल हे माहिती आहे, म्हणून त्या दिवशीचे चार अंक घेऊन ठेवीन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक