नाइन्टीफाइव्हवरून घरी परतताना

एडिसन, न्यू जर्सी
४ डिसेंबर २०२४

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

रविवारी रात्री ‘पोहोचलो’ एवढाच निरोप तुला पाठवला, कारण त्यापुढे काही लिहिण्याचे त्राण उरले नव्हते. नॉर्थ कॅरोलिनातल्या तुमच्या कॅरीच्या घरून आम्ही सकाळी दहाला निघालो आणि इथे दार उघडले तेव्हा पावणेअकरा वाजून गेले होते. एरवी आठ तासांत उरकणाऱ्या वाटेला पावणेतेरा तास लागले. ‘सोमवारी पहाटे निघा’ असे तू आणि वहिनींनी दोनदा सांगितले होते आणि लेकीच्या शाळेचे कारण पुढे करून मी ते मानले नाही. बहात्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या बाबांना घेऊन थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीहून सगळे परततात त्या रविवारी या रस्त्याला लागणे ही माझी चूकच झाली. नाताळात तू काकूंना घेऊन याच वाटेने येणार आहेस, म्हणून घडले ते सविस्तर लिहितो.

व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गपर्यंत एटीफाइव्ह महामार्गाने काही त्रास दिला नाही. रिचमंडला बाहेरून वळसा घालून उत्तरेकडे जाणाऱ्या नाइन्टीफाइव्ह महामार्गाला लागलो आणि लेडीस्मिथ गाव ओलांडल्यावर तिन्ही लेनमधले ब्रेकचे लाल दिवे एकामागून एक पेटत आपल्याकडे येताना दिसले. शेजारी बसलेल्या बाबांनी मान उंचावून विचारले, “पुढं फाटक पडलंय का रं?” फाटक नव्हते, अपघातही नव्हता. तिथून फ्रेडरिक्सबर्गपर्यंतच्या वीस-बावीस मैलांना आम्हाला अडीच तास लागले.

हा टापू तसाच आहे. ३ जानेवारी २०२२ ला इथेच हिमवादळाने १०४ ते १५२ क्रमांकाच्या एक्झिटांदरम्यानचा सुमारे ४८ मैलांचा रस्ता बंद पडला होता आणि शेकडो गाड्या रात्रभर, काही तर चोवीस तासांहून अधिक काळ, थंडीत अडकून पडल्या होत्या. व्हर्जिनियाचे सिनेटर टिम केन रिचमंडहून वॉशिंग्टनला निघाले होते. दोन तासांच्या त्या प्रवासाला त्यांना २७ तास लागले. ही हकिकत मला ठाऊक होती, तरीही मी लेडीस्मिथच्या रेस्ट एरियात, म्हणजे महामार्गालगतच्या विसाव्याच्या जागी, थांबलो नाही. तासाभरातच बाबांना लघवीची घाई झाली. ते बोलले नाहीत. फक्त सीटबेल्ट पोटावरून थोडा सैल धरून बसले आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. ते पाहून माझ्या पोटात कालवले. थॉर्नबर्गचा एक्झिट समोर दिसत होता, पण उजव्या लेनमध्ये शिरून तिथल्या पेट्रोल पंपापर्यंत पोहोचायला आणखी चाळीस मिनिटे गेली. तू काकूंना घेऊन येशील तेव्हा इच्छा असो वा नसो, वाटेत दिसेल त्या प्रत्येक रेस्ट एरियात थांब. ही एक गोष्ट माझ्याकडून पक्की धर.

पंपावर वहिनींनी बांधून दिलेल्या दशम्या सोडल्या. शेंगदाण्याच्या चटणीचे तेल कागदाला सुटले होते आणि गाडीभर तिचा वास पसरला होता. बाबांनी गोळी घेतली, दोन घास खाल्ले आणि मग पहिल्यांदाच माझ्या गाडी चालवण्यावर बोलले. तुला माहीत आहे, एकतीस वर्षे एसटी चालवून, गगनबावड्याचा घाट रात्री-अपरात्री उतरून, विनाअपघात सेवेचा बिल्ला मिळवलेला हा माणूस मी स्टिअरिंगवर असताना कधी तोंड उघडत नाही. ते म्हणाले, “पुढच्याच्या मागं पळू नकोस. तो थांबणारच हाय. ब्रेकवरचा पाय उचल, सरकंल तेवढी सरकू दे.”

तोपर्यंत मी, आपण सगळेच करतो तसे, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की ॲक्सिलरेटर दाबत होतो आणि लगेच ब्रेक मारत होतो. बाबांच्या सांगण्याप्रमाणे मी पुढे चार-पाच गाड्यांची जागा राखली आणि गाडी आपल्याच चालीने सरकू दिली. कोणी मध्ये घुसले तर घुसू दिले. पाव तासाने मला जाणवले की ब्रेकवर पाय क्वचितच जातो आहे. मागे लेकीची मळमळ थांबली आणि माझ्या मानेतली कळ उतरली. आणखी एक गोष्ट बाबांनी आरशात दाखवली: आमच्या मागच्या गाड्याही थांबायच्या राहिल्या होत्या, आमच्यासारख्याच सरकत होत्या.

हे नुसते अनुभवाचे बोल नाहीत. जपानी संशोधकांनी २३० मीटरच्या वर्तुळाकार रस्त्यावर २२ गाड्या एकाच वेगाने चालवायला सांगून एक प्रयोग केला होता, तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठेही अडथळा नसताना थोड्याच वेळात तिथे कोंडी तयार झाली. एकाने किंचित ब्रेक लावला, मागच्याने थोडा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि ती थांबण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे सरकत राहिली. लेडीस्मिथपाशी आपल्याकडे येताना दिसलेले लाल दिवे ही तीच लाट होती. जो माणूस पुढे जागा राखतो, त्याच्यापाशी ती लाट थोडी तरी विरते. बाबांनी हे घाटात, मालट्रकांच्या मागे, पहिल्या गिअरमध्ये शिकले असणार.

पुढे टोल भरून वापरायच्या एक्स्प्रेस लेन रस्त्याच्या मधोमध मोकळ्या वाहत होत्या, पण फलकावरचा टोल पाहून मी शिरलो नाही. तू मात्र आतापासूनच ‘ई-झीपास फ्लेक्स’ हे काचेला लावायचे टोलचे यंत्र मागवून ठेव. गाडीत तीन माणसे असली आणि त्यावरचे बटण एचओव्हीवर (जास्त माणसे असलेली गाडी) ठेवले की त्या लेनला पैसे पडत नाहीत. तुम्ही तिघे आहातच. त्या लेन एका वेळी एकाच दिशेने उघडतात, तेवढे निघण्यापूर्वी पाहून घे.

पुढचे थोडक्यात सांगतो. विल्सन पुलावरून पोटोमॅक ओलांडली तेव्हा पूर्ण काळोख झाला होता. बाल्टिमोरच्या बोगद्यापाशी पुन्हा अर्धा तास गेला. २६ मार्च २०२४ ला तिथला ‘की ब्रिज’ हा पूल कोसळल्यापासून तिकडची वाहतूकही बोगद्यांवर आली आहे. डेलावेअरच्या टोलनाक्यानंतर रस्ता सुटला. न्यू जर्सीच्या टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा एक तरुण धावत खिडकीशी आला, कारण इथे स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने मनाई आहे. बाबांना ते फार आवडले. “आलं म्हणायचं घर,” एवढेच ते बोलले.

घराशी गाडी लावल्यावर ते आधी आत गेले नाहीत. मोबाइलचा उजेड पाडून चारही टायरांना हात लावून आले, मग हातपाय धुतले आणि डब्यातली उरलेली शेवटची दशमी दुधात कुस्करून खाल्ली. डबा घासून ठेवला आहे, येशील तेव्हा घेऊन जा. निघताना शनिवार टाळ आणि पहाटे चारच्या आत कॅरी सोड.

वहिनींना व काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र