गिअरबॉक्स एकदाच उतरव

पाली, जि. रत्नागिरी
दि. 21 जून

प्रिय बाळ्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. इंजिनचं काम निघालंय असं गॅरेजवाल्याने सांगितलं आणि वहिनी म्हणतात विकून टाका, हे वाचून जीव खालीवर झाला. काकांनी किती हौसेने घेतली होती ती पिकअप! थांब जरा. दुधाचे कॅन भरले की चढाला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, असं तूच लिहिलंयस. धूर नाही, ऑइल खात नाही, सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते. मग इंजिन कशाला उघडायचं? इंजिनचा जोर चाकांकडे नेणारा क्लच घसरतोय रे तो.

खात्री करून घे. सपाटीला उभी कर, चाकांना दगड लाव, हँडब्रेक पक्का ओढ. चौथा गिअर टाक, थोडी रेस दे आणि क्लच सावकाश सोड. इंजिन गचका देऊन बंद पडलं तर क्लच धरतोय. फिरतच राहिलं तर क्लचची प्लेट झिजून संपली. हे एकदाच कर, पुन्हा पुन्हा केलंस तर उरलीसुरली प्लेटही जळेल. त्याआधी पेडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल आहे ना, तेही बघ. ती नसेल तर पेडल दाबलं की क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटसुद्धा घसरते.

माझी प्लेट गेली ती आंबा घाटात. एप्रिलचा शेवट, मागे हापूसच्या साठ पेट्या, पुढे लोड भरलेले ट्रक. साखरपा सोडल्यापासून मी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धं दाबून, गाडी तोलत होतो. वळणावर थांबलो की ब्रेक धरायचा सोडून क्लचवरच उभी ठेवायचो. वरच्या तीन वळणांवर वास आला आणि मग गाडी पुढे सरकेचना. चूक सर्वस्वी माझी. पण त्याहून मोठी चूक पुढे केली, आणि त्यासाठीच हे एवढं लिहितोय.

त्या वेळी प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट नवी घातली. रिलीज बेअरिंग हाताने फिरवून पाहिलं, गुळगुळीत वाटलं, तेच परत बसवलं. तीन महिन्यांत पेडल दाबलं की किर्र आवाज यायला लागला, सोडलं की बंद. काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी 40 किलोच्या वरचं गिअरबॉक्सचं धूड परत खाली उतरवावं लागलं. मजुरी दुसऱ्यांदा, गाडी दोन दिवस उभी, आणि आंब्याचे बागवाले फोनवर. म्हणून तुला हात जोडून सांगतो, खोललंयच तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, मध्यातलं ते बारकं पायलट बेअरिंग, चारही नवीन घाल. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर बोट फिरव. ओलं लागलं तर तेही बदल, नाहीतर नवी प्लेट तेलात भिजून परत घसरेल.

दोन्ही वेळा मी आमच्या मिस्त्री चाचांबरोबर गाडीखाली होतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायची. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर छिन्नीची खूण करायची, म्हणजे होता तसाच बसतो, गाडी थरथरत नाही. मग सेल्फ, मीटरची केबल, रिव्हर्स लाइटची वायर, क्लचचा खालचा सिलिंडर. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावायचा आणि गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवरच घ्यायची, नुसत्या जॅकवर आत शिरू नकोस. तुला माहीत आहे मी का सांगतो ते.

पहिल्या वेळी गिअरबॉक्स मागे सरकला तशी काळी भुकटी पडली. पोऱ्या हवा मारायला धावला, चाचांनी त्याचा हात धरला. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्यानेच पुसायचं, तोंडाला रुमाल बांधून. प्लेट हातात घेतली तर रिव्हेटांची डोकी वर आलेली, आणि त्यांनी फ्लायव्हीलवर दोन गोल चरे ओढलेले. मध्ये निळे डाग, तापून आलेले. फ्लायव्हील लेथवर नेऊन हलकं साफ करून आणलं. नुसत्या पॉलिशपेपरने भागवलं असतं तर क्लच सोडताना गाडी थडथडली असती.

बसवताना घाई करू नकोस. प्लेटचा फुगीर भाग गिअरबॉक्सकडे. नव्या प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेल लावलेलं असतं, ते पेट्रोलने पुसून घ्यायचं आणि बोटं कोरडी ठेवायची. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या खाचांना ग्रीस अगदी पुसट, जास्त झालं तर उडून प्लेटवर जातं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन क्षणभरही प्लेटवर लोंबकळू द्यायचं नाही, प्लेट वाकते. शेवटचं बोटभर अंतर राहिलं तर बोल्टने ओढायचं नाही, गिअरबॉक्सचा कान तुटतो. टॉप गिअर टाकून मागची फ्लँज किंचित फिरव, खाचा जुळतात आणि आपोआप आत जातो. आमचा तसाच गेला, आणि तो 'टक्' आवाज ऐकून चाचांनी काही न बोलता पाना खाली ठेवला, चहा मागवला.

नव्या प्लेटवर सुरुवातीचे काही दिवस कॅन निम्मेच भर आणि चढाला लवकर खालचा गिअर टाक.

प्लेट मधोमध धरायला आमच्या सुताराने सागवानाची दांडी करून दिली होती, पायऱ्या पाडलेली. आपल्या दोघांच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, तुलाही ती बसेल. उद्या सकाळच्या कोल्हापूर एसटीत कंडक्टरकडे देतोय, मलकापूर स्टँडवर उतरवून घे. वरती कापड गुंडाळलंय, ते तसंच राहू दे, दांडीला तेल लागू देऊ नकोस. कुठल्या दिवशी खोलतोयस ते कळव, मी आदल्या रात्री वर येतो.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
आप्पा