एसी गार होत नाही म्हणजे गॅसच कमी असं नसतं

संपादक साहेब, नमस्कार.

मे महिन्यात मुंबईत गाडीचा एसी बंद पडला की काय हाल होतात ते सांगायला नको, पण पैसे मोजून रिपेअर केलेला एसी परत परत गरम हवा फेकतो तेव्हा जो मनस्ताप होतो त्याबद्दल लिहितोय.

आम्ही मुलुंडला राहतो. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला परळला न्यावं लागतं, परतताना ती पार गळून गेलेली असते, त्यामुळे गाडीतला एसी ही आमच्यासाठी चैन नाही. मार्चमध्ये गाडी पुढून ठोकली गेली, बंपर तुटला आणि कंडेन्सर, म्हणजे रेडिएटरच्या पुढे एसीची जी जाळी असते, ती फुटली. गॅरेजवाल्याने नवीन कंडेन्सर टाकून गॅस भरून दिला. दुसऱ्या दिवशी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला विक्रोळी-घाटकोपरपर्यंत मस्त गार, आणि सायनला ट्रॅफिकमध्ये अडकलो की गरम, दादर टीटीला तर काचाच खाली कराव्या लागल्या. परत नेली तर गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर मोजायचं मीटर, न लावता पाइपला हात लावून म्हणाला गॅस कमी आहे, आणि भरला. आठवड्याने परत तेच, परत भरला. दरवेळी एसी आधीपेक्षा लवकर गरम व्हायला लागला आणि दरवेळी पैसे वेगळे.

शेवटी कालिनाला सीएसटी रोडवर एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "साहेब, पळताना गार आणि थांबल्यावर गरम, असंच ना?" हो म्हटल्यावर त्याने एसी चालू करायला सांगितला आणि कागदाचा तुकडा पुढच्या जाळीवर धरला. कागद जाळीला चिकटायला पाहिजे, कारण एसीचा पंखा हवा बाहेरून आत ओढतो, आमचा कागद उडून बाहेर आला! बंपरच्या कामात पंख्याच्या तुटलेल्या वायरी जोडताना उलटसुलट झाल्या होत्या आणि पंखा उलटा फिरत होता. हायवेला समोरून वारा लागतो म्हणून निभत होतं, सिग्नलला कंडेन्सर तापायचा. मग त्याने गेज लावलं तर लो आणि हाय, म्हणजे कमी आणि जास्त प्रेशरच्या बाजूचे, दोन्ही काटे चढलेले, हाय साइड ३०० पीएसआयच्या पुढे. मशीनने गॅस काढून वजन केलं तर ६४० ग्रॅम निघाला, आणि बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलंय ४३०. जादा गॅस झाला की कंडेन्सरमध्ये लिक्विड साठतं, वाफेला थंड व्हायला जागाच उरत नाही, प्रेशर वाढतं आणि प्रेशर स्विच कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, कट करतो. म्हणजे आधी गॅस कमी नव्हताच आणि भरून भरून त्यांनी बिघाड वाढवला.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. तोच गॅस आत फिरत राहतो, थोडाफार वर्षानुवर्षांत झिरपतो, पण महिन्याभरात कमी झाला तर कुठेतरी लिकेज आहे आणि ते शोधलंच पाहिजे, नायट्रोजन भरून आणि साबणाचं पाणी लावून.

आमच्या सोसायटीत एकाने कूलिंग कॉइल बदलली, त्याचं वेगळंच. पंधरा मिनिटं छान गार, मग हवा गरम, जरा बंद ठेवून चालू केला की परत गार. आत ओल राहिली होती, कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात तिचा बर्फ होऊन रस्ता बंद व्हायचा. सिस्टीम उघडली की ड्रायर, म्हणजे ओल शोषणारा डबा, नवीन टाकायचा आणि गॅसआधी निदान अर्धा तास व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, तर ती ओल वाफ होऊन निघते, आणि मुंबईच्या दमट हवेत तर हे टाळून चालतच नाही. त्याच्याकडे दोन्ही केलं नव्हतं.

अजून एक गोष्ट मनाला लागते. काही गॅरेजमध्ये व्हॉल्व्हची पिन दाबून जुना गॅस सरळ हवेत सोडतात, मी डोळ्याने बघितलंय. आर-१३४ए, म्हणजे गाडीच्या एसीतला हा गॅस, ओझोनला धक्का लावत नाही हे खरं, पण एक किलो गॅस १०० वर्षांच्या हिशोबाने जवळपास १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो. तो मशीनने काढून परत वापरता येतो, मग उन्हाळा आणखी वाढवायचा कशाला?

माझी मागणी एवढीच आहे की एसीचं काम केल्यावर बिलावर चार गोष्टी लिहून द्यायची सक्ती व्हावी: व्हॅक्यूम किती वेळ मारला, गॅस किती ग्रॅम भरला, दोन्ही गेजचे आकडे, आणि डॅशबोर्डच्या मधल्या जाळीत थर्मामीटर ठेवून किती डिग्री आले. आमच्या गाडीत आता सिग्नलला उभं राहून ९ येतात, त्या मेकॅनिकने न मागता लिहून दिलं. बाकीच्यांना पण जमेल. तुमच्या पेपरने हा विषय उन्हाळा संपायच्या आत लावून धरावा ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, मुलुंड पूर्व