उतारवयातल्या नायकाला त्याचे वय जगू द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत टॉम क्रूझ नायक असलेल्या ‘मिशन इम्पॉसिबल’ या हेरगिरीच्या चित्रपटमालिकेविषयी वाचकांची मते छापून आली, ती मी दोनदा वाचली. बहुतेकांचा सूर दोनच प्रकारचा होता. टॉम क्रूझने साठी ओलांडली, आता त्याने थांबावे, असे काहींचे म्हणणे. तर वय हा केवळ आकडा आहे, तो आजही विशीतल्या पोरांना लाजवतो, असे इतरांचे. मी वनखात्यात वनरक्षक म्हणून नोकरी करून वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त झालो, आणि टॉम क्रूझचा जन्म जुलै १९६२ मधला असल्याने त्याच्या आणि माझ्या वयात वर्षाचेही अंतर नाही. मला ही दोन्ही मते पटली नाहीत. का पटली नाहीत, ते सविस्तर कळवावेसे वाटले, म्हणून हा पत्रप्रपंच.

मालिकेचा पहिला भाग १९९६ साली आला. मी तो काही वर्षांनी तालुक्याच्या गावी केबलवर, हिंदीत पाहिला. आठवा भाग मे २०२५ मध्ये आला, तेव्हा भाच्याकडे नागपूरला गेलो असताना तो थिएटरात बसून पाहिला. मधल्या २९ वर्षांत माझे केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, डावा गुडघा पावसाळ्याची वर्दी हवामान खात्याच्या आधी देऊ लागला. टॉम क्रूझने रंगवलेला पडद्यावरचा गुप्तहेर ईथन हंट मात्र पहिल्या भागात धावत होता तसाच आठव्यातही धावतो. ३३ वर्षांचा असताना जे केले ते तो ६२व्या वर्षी करतो, किंबहुना जास्तच करतो. उडत्या विमानाच्या पंखाला लटकून जातो. त्या माणसाच्या मेहनतीपुढे मी मनापासून हात जोडतो. माझी तक्रार मेहनतीबद्दल नाही, कथेबद्दल आहे. कथा त्याच्या वयाला ओळखच देत नाही.

शेवटच्या भागातला समुद्राखालचा प्रसंग घ्या. बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडून गोठवणाऱ्या पाण्यातून वर येताना तो मरता मरता वाचतो. थिएटरात सगळे श्वास रोखून बसले होते, मीही होतो. परंतु घरी परत येताना माझ्या मनात आले की त्या जागी ३० वर्षांचा तरुण असता तरी प्रसंग अक्षरशः असाच घडला असता. त्या पाण्याने त्याच्या ६२ वर्षांचा हिशेब मागितला नाही. मग नायक उतारवयाचा असल्याने कथेत पडलेला फरक कोणता?

याउलट, ज्या एका दृश्यासाठी मी ही मालिका कधीही पुन्हा पाहीन, ते २०१८ च्या ‘फॉलआउट’ या सहाव्या भागात आहे. लंडनमध्ये एका इमारतीच्या गच्चीवरून दुसऱ्या इमारतीवर उडी मारायची होती. ऑगस्ट २०१७ मध्ये हे चित्रीकरण चालू असताना टॉम क्रूझचा पाय समोरच्या भिंतीवर आदळला आणि घोटा मोडला. तो तसाच वर चढला, कॅमेऱ्यासमोरून लंगडत पुढे गेला, आणि मग काही आठवडे काम बंद राहिले. दिग्दर्शकाने तो तुकडा चित्रपटात ठेवला आहे. नीट पाहिले तर दिसते की ते लंगडणे अभिनयाचे नाही. चेहरा क्षणभर आत ओढला जातो, पाऊल टेकते आणि लगेच उचलले जाते. त्या दोन-चार पावलांत तो मला माझ्या ओळखीचा वाटला.

कारण तसे पाऊल मी टाकलेले आहे. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळ्यापर्यंत वणव्याचे दिवस असतात. मोहफुले वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवला जातो, वारा सुटला की ती आग जाळरेषा (वणवा अडवण्यासाठी मोकळा केलेला पट्टा) ओलांडून पुढे जाते, आणि मग हिरव्या फांद्यांनी झोडपत ती विझवणे हेच आमचे काम. ५६व्या वर्षी अशाच एका रात्री मी बीटवरच्या (माझ्या हद्दीतल्या जंगलावरच्या) पोरांबरोबर तीन-साडेतीन तास फांदी मारली. त्या रात्री काही जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेवरून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला आणि आठवडाभर जिना म्हटला की छातीत धडकी भरे. धाडस त्या रात्रीइतकेच दुसऱ्या दिवशी सकाळीही असते, पण सिनेमावाले ती सकाळ दाखवतच नाहीत. ती दाखवली तर नायक लहान होईल असे त्यांना वाटत असावे. मला वाटते, ती दाखवली तरच रात्र मोठी होते.

या मालिकेत वय आहेच, पण ते नायकाला सोडून इतरांना वाटून दिले आहे, आणि आपल्या वाचकांपैकी एकानेही त्याचा उल्लेख करू नये याचे मला वाईट वाटले. व्हिंग ऱ्हेम्सने साकारलेला ईथनचा साथीदार लूथर आठही भागांत आहे. शेवटच्या भागात तो आजारी आहे, बिछान्याला खिळला आहे, आणि तरीही बॉम्बपाशी थांबायची वेळ येते तेव्हा तो थांबतो आणि त्यातच जातो. त्याला धावायचे नव्हते, कुठे उडी मारायची नव्हती. हाताला ठाऊक असलेले काम शेवटपर्यंत करायचे होते. दुसरा डॉनलो. पहिल्या भागात ईथन छतातून दोरीने खाली उतरून ज्याच्या खोलीतली हेरांची यादी पळवतो तो हा अमेरिकी गुप्तचर संस्थेतला साधा कर्मचारी. त्याच्या नकळत घडलेल्या चोरीची शिक्षा म्हणून त्याला अलास्काकडच्या बर्फात पाठवून देतात. २९ वर्षांनी तोच नट, रॉल्फ सॅक्सन, त्याच भूमिकेत परत येतो. दाढी पिकलेली, सोबत बायको, आणि त्या दिवशी मागे राहिलेला सुरा अजून जपून ठेवलेला. नायकाबद्दल त्याच्या मनात राग नाही, कारण त्या शिक्षेच्या जागीच त्याचा संसार उभा राहिला. आडवळणाच्या ठिकाणी बदली होऊन तिथेच आयुष्य काढलेल्या कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याला हा प्रसंग पाहताना गहिवरून येईल. मला आले.

थांबावे म्हणणाऱ्यांना मी हेच सांगेन की अशी माणसे पडद्यावर हवीत, आणि नायकाच्या जागीही हवीत. इयान फ्लेमिंग यांनी जेम्स बाँड लिहिताना १९५५ च्या ‘मूनरेकर’ या कादंबरीत स्पष्ट म्हटले आहे की त्याच्या शाखेतल्या हेराला ४५व्या वर्षी मोहिमांवरून काढून कचेरीतल्या कामावर बसवतात, आणि बाँड स्वतः उरलेली वर्षे मोजतो. हा विचार चित्रपटांत टिकला नाही. रॉजर मूर यांचा बाँड म्हणून शेवटचा चित्रपट १९८५ साली आला तेव्हा ते ५७ वर्षांचे होते. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतला झुंजार आणि काळापहाड आम्ही शाळकरी वयात वाचनालयातून आणून चिमणीच्या उजेडात वाचले. ते दोघे कधी म्हातारे झाले नाहीत, आणि छापील पानावर ते खपूनही गेले, कारण तिथे चेहरा वाचकाच्या मनात असतो. पडद्यावर तसे होत नाही. कॅमेरा गळ्याची सुरकुती दाखवतोच, मग कथेने ती नाकारून काय मिळते?

आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या, प्रेक्षकाला ही गोष्ट शिकवावी लागत नाही. धानाची कापणी झाली की वडसा येथील नाटक कंपन्या गावोगाव फिरतात, आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) किंवा मंडईच्या (गावजत्रेच्या) निमित्ताने रात्रभर नाटक रंगते. वर्षानुवर्षे तेच नट पाहत असल्याने कोणाचे वय काय हे लोकांना तोंडपाठ असते. एखादा जुना नट तरुणाची भूमिका घेऊन आला तर लोक ती गोड मानून घेतात. पण तोच नट बापाच्या भूमिकेत उभा राहून मुलासमोर आवाज चढवतो आणि मध्येच त्याचा श्वास तुटतो, तेव्हा मंडपात जी शांतता पसरते ती मी अनेकदा अनुभवली आहे.

वय हा केवळ आकडा आहे म्हणणाऱ्यांसाठी एक प्रसंग सांगतो. मी नोकरीत नवा असताना आमच्या बीटमध्ये एका शेतातल्या विहिरीत बिबट्या पडला. आम्ही तरुण मंडळी दोर, जाळी, आरडाओरडा यांत गुंतलो. काठावर दोन गावांची माणसे जमलेली. आमच्यासोबत निवृत्तीला आलेला एक वनमजूर होता. तो विहिरीपासून चार हात दूर बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, “आंधी मानसं हटवा बाबू, मंग थो आपल्याच पायानं येते.” त्याच्या सांगण्यावरून चारही पायांना दोर बांधून खाट खाली सोडली. थकलेला बिबट्या पोहत येऊन तिच्यावर बसला. संध्याकाळपर्यंत त्या वनमजुराने कोणालाही काठाजवळ फिरकू दिले नाही. पाटलाच्या मुलालाही दोन हात करून मागे सारले. अंधार पडल्यावर लाकडी शिडी सोडायला लावली आणि आम्हा सगळ्यांना बांधाआड नेऊन बसवले. बऱ्याच वेळाने बिबट्या शिडीने वर आला, एकदा मागे वळून पाहिले आणि पऱ्हाटीत (कपाशीच्या शेतात) शिरून दिसेनासा झाला. त्या पाच-सहा तासांत तो म्हातारा एकदाही धावला नाही. आणि मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटापेक्षा माझे काळीज त्या दिवशी जास्त धडधडले. थरार म्हणजे वेग, हे समीकरण माझ्यापुरते तेव्हाच मोडले.

उतारवयातल्या नायकाकडे हेच असते. कुठे थांबायचे, कोणाला बाजूला सारायचे, कोणते काम आपल्या अंगावर घ्यायचे आणि कोणते पोरांवर सोपवायचे, हे त्याला कळते. त्याचा गुडघा दगा देणार हे त्याला माहीत असते आणि त्या गुडघ्यासकट तो बेत आखतो. लेखकांनी एवढे जरी लिहिले तरी पाठलाग अधिक अटीतटीचा होईल, कारण तो निसटणार की नाही याची प्रेक्षकाला खरोखर खात्री नसेल. २०२३ च्या ‘जेलर’ या तमिळ चित्रपटामध्ये सत्तरी ओलांडलेले रजनीकांत नातवाचे आजोबा म्हणून वावरले आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले, तेव्हा लोकांना हे चालत नाही असे निर्मात्यांनी म्हणू नये. मराठीत तर अशी मालिका कोणीतरी करायलाच हवी. निवृत्त वनपाल, एसटीचा चालक, पोलीस पाटील, यांतला कोणीही तिचा नायक होऊ शकेल, आणि पहिल्याच भागात त्याला औषधाची गोळी घेताना दाखवले तरी आम्ही टीव्ही बंद करणार नाही.

शेवटी एक विनंती. पुरवणीत छापलेली मते जवळपास सगळी पुण्या-मुंबईच्या तरुण वाचकांची होती, कारण ती केवळ मोबाइलवरून मागवली गेली. आमच्या गावात आपले दैनिक दुपारच्या एसटीने येते आणि ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पाच-सहा जण आलटून पालटून वाचतात. त्यांतले निम्मे साठीच्या पुढचे आहेत, आणि हे चित्रपट त्यांनी नातवंडांसोबत बसून पाहिलेले आहेत. पुढच्या वेळी अशी मते मागवताना पोस्टकार्डाने पाठवण्याची सोय ठेवावी आणि टपाल पोहोचायला निदान दहा दिवसांची मुदत द्यावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वनरक्षक
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर