चाकं काढलीच नाहीत, तरी ब्रेक पॅडचं बिल लावलंत

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय: न केलेल्या कामांचे पैसे घेतल्याबद्दल आणि सर्व्हिस रेकॉर्डमध्ये खोटी नोंद केल्याबद्दल

नमस्कार,

मी डिचोलीला राहते. चवथीआधी गाडी तुमच्या गोव्यातल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये सर्व्हिसिंगला टाकली होती. सकाळी एस्टिमेट दिलं ६,८०० चं आणि संध्याकाळी हातात आलं १४,९५० चं बिल. मधे मला एकही फोन नाही. विचारलं तर ॲडव्हायझर म्हणतो मॅडम मेसेज टाकलेला, मेसेज उघडून बघितला तर त्यात गाडी तयार आहे एवढंच. पैसे भरल्याशिवाय गेट पास मिळत नाही, बाहेर पाऊस, म्हणून तिथे भरले आणि आता हे लिहिते आहे.

पैशांचं नंतर बोलू, आधी नटांचं बोलू.

माझ्या भावाचे खाणीवर ट्रक होते, २०१२ ला खाणी बंद पडल्या तोपर्यंत. ट्रक गॅरेजात टाकायच्या आधी तो चाकाच्या नटापासून रिमपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारायचा. नट सोडवून परत आवळला तर तो परत बरोबर त्याच जागी येऊन थांबत नाही, रेघ तुटते, आणि सगळ्या नटांच्या रेघा जशाच्या तशा राहिल्या म्हणजे चाक निघालेलंच नाही. साधी गोष्ट आहे, मशीन लागत नाही. मी रंगाच्या जागी नेलपॉलिश वापरलं, घरात तेच होतं. चारी चाकांचे कॅप काढून प्रत्येक नटावर रेघ मारली आणि एअर फिल्टरच्या कडेला आतल्या बाजूला एक ठिपका दिला. सगळ्याचे फोटो आहेत, फोनमध्ये तारीख आणि वेळ दिसते.

आता तुमच्या बिलात बघा. पुढचे ब्रेक पॅड नवीन टाकले, ब्रेक क्लीनिंग केलं, चार चाकांचं बॅलन्सिंग केलं, टायर रोटेशन केलं. ह्यातलं एक तरी काम चाक न काढता होतं का ते मला तुमच्या इंजिनियरने लिहून द्यावं. कारण घरी येऊन कॅप काढले तर सोळाच्या सोळा नटांवर रेघ सलग. रोटेशन केलं असतं तर पुढचं चाक मागे जायला हवं होतं, ते जिथल्या तिथे आहे. बॅलन्सिंगला लावलेल्या वजनांचे वेगळे पैसे लावलेत, रिमवर एकही नवीन वजन नाही. एअर फिल्टर 'रिप्लेस्ड', आणि माझा ठिपका आत हसतोय! तुमच्याच मॅन्युअलमध्ये फिल्टर ४०,००० किमीला बदला लिहिलंय, माझी गाडी २७,००० ला आहे. डिचोलीत खनिजाच्या ट्रकांची धूळ असते म्हणून लवकर बदलला असं कोणी म्हणालं असतं तर मी मानलंही असतं, पण आधी बदला तरी.

दुसऱ्या दिवशी आमच्या इथल्या गॅरेजात पुढची चाकं काढून घेतली आणि व्हिडिओ केला. पॅड जुनेच, अजून सहा मिमीच्या आसपास शिल्लक. साधारण तीन मिमीला आले की बदलतात. म्हणजे ॲडव्हायझरचं 'पॅड दहा टक्केच उरलेत मॅडम' हे पण खोटं आणि 'नवीन टाकले' हे पण खोटं, आणि मी दोन्हीचे पैसे भरले, वर जीएसटी.

वर्कशॉपला फोन केला तर जुने पार्ट स्क्रॅपमध्ये गेले म्हणे. मी गाडी देतानाच जुने पार्ट डिकीत ठेवा असं जॉब कार्डवर लिहून घेतलं होतं, ती कॉपी जोडली आहे. मग म्हणे सिस्टममध्ये पॅकेज ऑटोमॅटिक लागलं. मग म्हणे बाहेर चाक उघडलंत तर वॉरंटी जाईल. आणि शेवटी, सर आहेत का घरी, त्यांना समजावून सांगतो. सरांना गाडी चालवता येत नाही, मला येते, तेव्हा मलाच समजवा. एवढं सगळं झाल्यावर त्याच संध्याकाळी परत फोन, की कंपनीचा फीडबॅक कॉल येईल, मॅडम प्लीज दहापैकी दहा द्या नाहीतर माझं इन्सेंटिव्ह कापतात. त्या पोराचा मला राग नाही, त्याच्या डोक्यावर टार्गेट ठेवणारे तुम्ही.

इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्टंट वगैरे न विचारता लावलेलं आहे ते मी इथे उकरत बसत नाही, फक्त हे मॅन्युअलच्या शेड्यूलमध्ये कुठे आहे ते दाखवा.

मला खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे. आम्ही महिन्यातून एकदा आईला घेऊन चोर्ला घाटातून बेळगावला जातो. पावसात तो उतार कसा असतो ते इकडच्या कोणालाही विचारा. तुमच्या कंप्युटरमध्ये आता माझ्या गाडीला २७,००० ला नवीन पॅड टाकल्याची नोंद आहे. पुढच्या वर्षी तुमचाच दुसरा माणूस ती नोंद बघून म्हणणार, पॅड नवीनच आहेत, चाक काढायची गरज नाही. आणि मी विश्वास ठेवून घाट उतरणार. पैसे परत देऊन ही नोंद तशीच राहिली तर माझं काम झालं असं मी मानणार नाही.

म्हणून मला हवंय ते असं. न केलेल्या आणि न विचारता केलेल्या कामांचे पैसे जीएसटीसकट परत आणि सुधारित बिल. सर्व्हिस हिस्टरीतली पॅड, फिल्टर, बॅलन्सिंग, रोटेशनची नोंद रद्द केल्याचं लेखी पत्र. त्या दिवशीचं वर्कशॉपचं सीसीटीव्ही फुटेज पुसू नका, ते मी आत्ताच मागून ठेवते. आणि ह्यापुढे एस्टिमेटच्या वर एक रुपयाचंही काम माझ्या होकाराशिवाय करायचं नाही अशी नोंद माझ्या नावावर टाका.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या. नाही आलं तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार करीन आणि तिथेही नाही झालं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

गाडीचा आणि जॉब कार्डचा नंबर बिलावर आहेच. सोबत एस्टिमेट, बिल, जॉब कार्डची कॉपी, नटांचे आधीचे-नंतरचे फोटो आणि गॅरेजातला व्हिडिओ. दुपारी दोननंतर फोन केलात तर मी उचलेन, पण उत्तर ईमेलवरच हवं.

तुमची ग्राहक,
डिचोली, गोवा